काऊ-चिऊच्या गोष्टीचं तात्पर्य काय?

शेणाच्या घरातला काऊ आणि मेणाच्या घरातली चिऊ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. पण गोष्ट किती जुनी? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. त्यात ही गोष्ट आहे! चिऊच्या जागी साळै, पण शेण-मेण तेच. म्हणजे सातशे वर्षं आपल्याकडे ती सांगतायत.

तात्पर्यावर मात्र एकमत नाही. आम्हाला सांगितलं, घर पक्कं बांधा, आळस नको. हल्लीचे आईबाप सांगतात, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. काही घरांत चिऊ काऊला आत घेते आणि तो खाऊ फस्त करतो, म्हणजे दया करा पण जपून. कुठे त्याला तापलेल्या तव्याचा चटकाही बसतो (पोरं इथेच जास्त हसतात). गोष्टीखाली तात्पर्याची एक ओळ ठोकायची सवय आपल्याला इसापनीतीने लावली, असं माझं मत. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ती मराठीत आणली. आजीच्या गोष्टीला तशी ओळ नसायची. सांगणारं माणूस बदललं की अर्थ बदलायचा.

मला 'आळशी काऊ' कधी पटला नाही. त्याच्याकडे शेण होतं, त्याने शेणाचं बांधलं. मेणाचं घर एप्रिलच्या उन्हात किती टिकेल, हे कुणी विचारत नाही. मला खटकतं ते दाराआडचं. बाहेर धो धो पाऊस, आणि आतून बाळाच्या आंघोळीची, पावडर-काजळाची कारणं.

आपली वाघोली २०२१ ला महापालिकेत गेली. टॉवर उभे राहिले, गेट आली, वॉचमन आले. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर रात्री डंपर चढला. तिघं गेले, त्यात दोन चिमुकली. ही माणसं कामासाठी अमरावतीकडून आली होती. हो, रिद्धपूरच्याच मुलखातून. बांधकाम मजुरांना साइटवर किंवा जवळपास फुकट तात्पुरता निवारा द्यावा, असं १९९६ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. आपल्या गल्लीतल्या साइटवर रात्री मजूर कुठे झोपतात, एकदा बघून या.

आणि तुमच्या घरी चिऊ शेवटी दार उघडते का? कमेंटमध्ये सांगा.