वॉरफरिन : गोठ्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवून घरी आलेल्या माणसाला एक गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. परक्या पृष्ठभागावर रक्त साकळते आणि सुटलेली गुठळी मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त ‘पातळ’ ठेवायचे. (हा शब्द बोलण्यातला. रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लावते एवढेच.) एके दिवशी नेहमीची गोळी मिळत नाही. दुकानदार म्हणतो, “ही घ्या, औषध तेच, कंपनी वेगळी.” घ्यावी का?

या प्रश्नाचे मूळ गोठ्यात आहे. 1920 नंतर कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील काही राज्यांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापल्याची जखमही जिवावर बेते. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने एकाच गंजीतला चांगला ‘स्वीट क्लोव्हर’ एका सशाला आणि बुरसटलेला दुसऱ्याला घातला. दुसरा मेला. इतका साधा प्रयोग शाळेतल्या मुलांनाही समजावा!

फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनचा एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळातून सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. सोबत मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. गाठ पडली कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाशी. लिंक यांच्या प्रयोगशाळेला त्या रक्तातले कोडे सोडवायला सहा वर्षे लागली. 1939 मध्ये डायकुमेरॉलचे स्फटिक हाती आले. क्लोव्हरमधल्या निरुपद्रवी कुमारिनचेच बुरशीमुळे हे रूप होत होते. पुढे याच कुळातले एक जालीम संयुग 1948 मध्ये उंदराचे विष म्हणून बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉरफरिन.

उंदराचे विष माणसाला कोण देणार? 1951 मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी ते भरपूर खाल्ले, पण के जीवनसत्त्व दिल्यावर तो बरा झाला. उतारा हाताशी आहे हे कळल्यावर धीर आला. 1954 मध्ये ‘कुमाडिन’ या नावाने ते माणसांसाठी मंजूर झाले. 1960 मध्ये ऑरेगनमध्ये अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी झडप यशस्वीपणे बसवली, तेव्हा या औषधाला मोठे काम मिळाले. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली झडप डिसेंबर 1990 मध्ये प्रथम बसवली गेली. तिच्यासोबतही अशी गोळी आलीच.

हे औषध के जीवनसत्त्वाचा यकृतातला पुनर्वापर अडवते. त्यामुळे मेथी-पालक एकदम वाढवले तरी मात्रा अपुरी पडते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. तपासणीही पूर्वी बेभरवशाची होती, कारण प्रत्येक प्रयोगशाळेच्या अभिकर्मकाप्रमाणे आकडा बदले. 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान माप स्वीकारले. झडपवाल्या रुग्णांत ते बहुधा 2 ते 3.5 च्या दरम्यान राखतात.

मर्यादा इतकी अरुंद, आणि नेमका याच गोष्टीचा आधार मूळ कंपनीने घेतला. 1997 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या जेनेरिक वॉरफरिनला मंजुरी मिळताच ड्युपाँटने डॉक्टरांत आणि राज्यांच्या विधिमंडळांत प्रचार सुरू केला की या औषधात कंपनी बदलणे धोक्याचे. तिथल्या औषध प्रशासनाने हे मानले नाही. पुढे ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने सुमारे 4.45 कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

जेनेरिकसाठीची 80 ते 125 टक्क्यांची अट ऐकून पुष्कळ जण समजतात की गोळीत पाचवा हिस्सा औषध कमी असले तरी चालते. तसे नाही. दोन्ही गोळ्यांनी रक्तात येणाऱ्या औषधाच्या सरासरीचे गुणोत्तर, त्यातल्या अनिश्चिततेसकट, त्या चौकटीत बसावे लागते. प्रत्यक्षात फरक बराच कमी निघतो. 2005 मध्ये कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला आलटून पालटून दोन्ही गोळ्या दिल्या, म्हणजे रुग्ण स्वतःच स्वतःचा नियंत्रक. आयएनआरमध्ये फरक आढळला नाही. आकडा हलतो खरा, पण तो एकाच कंपनीची गोळी घेतानाही हलतो. माझ्या मते ज्याला रोज पाळीपाळीने दोन कंपन्यांच्या गोळ्या मिळतात त्याने एकीवर टिकून राहावे, पण महाग नाव परवडत नाही म्हणून गोळी चुकवणे याहून कितीतरी वाईट.

आणि 2020 मध्ये उत्पादनातल्या अडचणीमुळे कुमाडिनच अमेरिकेच्या बाजारातून उठले. तिथल्या रुग्णांना जेनेरिक गोळ्यांवर जावे लागले. नव्या गोळ्यांकडे वळण्याची सोय नव्हती. डाबिगाट्रान धातूच्या झडपेच्या रुग्णांत वापरून पाहिले, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली.

आपल्याकडे खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. इथे अनेकांना वॉरफरिनऐवजी त्याच कुळातले असेनोकुमारॉल दिलेले असते. ही दोन वेगळी औषधे आहेत आणि त्यांचे मिलिग्रॅम जुळत नाहीत. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव बदलले की खालच्या बारीक अक्षरांतले नाव आणि मात्रा वाचावी, डॉक्टरांना कळवावे आणि आठवड्याभरात आयएनआर करून घ्यावा.