ओट्याच्या दगडाचा हिशेब



शर्कमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओटा घरमालकाचा, त्यामुळे खर्चाचा प्रश्न येतो तो पुण्या-नाशिकच्या किंवा गावच्या घराचा. मिस्त्री फोनवर ठोक आकडा सांगतो आणि इथे बसून तो खरा की फुगवलेला हे कळत नाही. म्हणून ठोक आकडा घेऊच नये. मापे मागवून हिशेब स्वतः करावा.

'एल' आकाराचा ओटा घेऊ. एक भिंत १० फूट, दुसरी ६ फूट, ओट्याची रुंदी २ फूट. बरेच जण १६ गुणिले २, म्हणजे ३२ चौरस फूट धरतात. यात कोपरा दोनदा मोजला जातो. खरे क्षेत्रफळ २० अधिक ८, म्हणजे २८. दर समजा २५० रुपये असेल, तर हजार रुपये इथेच गेले. मोल्डिंगचेही तसेच. ते रनिंग फुटावर असते आणि समोरच्या कडेलाच लागते: ८ अधिक ४, एकूण १२ फूट. उघड्या टोकाचे २ फूट वाढवा, पण १६ फुटांचे पैसे देऊ नका.

दगड मात्र २८ फुटांत भागत नाही, कारण दुकानदार अख्ख्या लादीचे माप लावतो. लादी ३० इंच रुंद असेल तर १४ फूट लांबीला बिल ३५ चौरस फुटांचे होते. उरलेली ६ इंचांची पट्टी आपलीच असते. समोरची पट्टी किंवा भिंतीलगतची स्कर्टिंग त्यातूनच काढायला सांगावी. सिंकच्या भोकाची वजावट मिळत नाही, उलट कापायची मजुरी वेगळी पडते.

ग्रॅनाइटखालच्या कडप्प्याचे उभे टेकू आणि आडवी फळी ठोक आकड्यात आहेत का, हे नक्की विचारा. बहुतेक भांडणे इथेच होतात.

कुवेतमधला दर ताडून पाहायचा असेल तर तो चौरस मीटरचा असतो, त्याला १०.७६ ने भागावे. जाडी मात्र दोन्हीकडे सारखी हवी. संगमरवर ओट्याला नको. लिंबू, चिंच, आगळ सांडले की पॉलिश जाते.

शुक्रवारी इथे सुट्टी, तिकडे कामाचा दिवस. सकाळी ८ वाजता, म्हणजे तिकडच्या साडेदहाला, मिस्त्रीला व्हिडिओ कॉलवर टेप लावायला सांगा. प्लॅस्टर झाल्यावरचेच माप घ्या.