नाताळापूर्वीचे दिवस

पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी, हळर्ण गावात सावंतवाडीकर भोसल्यांचा एक जुना कोट आहे. पोर्तुगीज विजरई पेद्रु मिगेल द आल्मैदा याने १७४६ साली तो जिंकला आणि या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यास ‘मार्किश द अलोर्ना’ हा किताब दिला. गोव्याच्या उत्तर टोकावरील एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या उमरावांच्या वंशावळीत जाऊन बसले. ही हकीकत इतिहासात नमूद आहे. परंतु गोव्याच्या घराघरांतून डिसेंबर महिन्यात मुलांच्या हातून जे घडत आले, त्यासाठी कोणी किताब दिला नाही की कोणत्या दप्तरात त्याची नोंद केली नाही.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या अवधीस ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळ म्हणतात. तीस नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ असेल, त्या दिवशी त्याचा प्रारंभ होतो. (नाताळ हा शब्दही मराठीने पोर्तुगीजांकडूनच घेतलेला आहे.) धर्मदृष्ट्या हा काळ प्रतीक्षेचा व संयमाचा. मुलांना संयम शिकवावयाचा तर त्यांच्या हाताला काही काम दिले पाहिजे, हे घरोघरच्या आयांनी धर्मगुरूंच्याही आधी ओळखले असावे. जर्मनीत गेरहार्ड लांग नावाच्या मुलास त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ लावून दिले होते; रोज एक खावयाचा आणि उरलेले मोजावयाचे. पुढे म्युनिक येथे छपाईच्या व्यवसायात पडल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्याने या आठवणीवरून छापील आगमन-पंचांग काढले. आज जगभर खपणाऱ्या या वस्तूच्या मुळाशी एका आईची एवढीशी युक्ती आहे.

गोव्यातील मुलास असे छापील पंचांग लागत नसे. त्याचे दिवस अंकुरांवर मोजले जात. सणाला आठ-दहा दिवस उरले की करवंटीत किंवा पत्र्याच्या डब्यात नाचणी अथवा गहू पेरावयाचा, रोज पाणी शिंपडावयाचे आणि गोठा मांडण्याच्या दिवसापर्यंत हिरवे शेत तयार ठेवावयाचे. असा गोठा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी रुजविली. गोव्यात तिला येथलीच माती व येथलेच गवत मिळाले. भाताची कापणी नुकतीच आटोपलेली असल्याने पेंढ्यास तोटा नसे. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजविणाऱ्या घरास ही हिरवळ परकी वाटण्याचे कारण नाही. तीच गोष्ट नक्षत्राची. दिवाळीच्या आकाशकंदिलास जी बांबूची कामटी आणि जो पातळ रंगीत कागद लागतो, तोच नाताळाच्या ताऱ्यासही लागतो.

हे साम्य सहजासहजी टिकलेले नाही. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले. त्याचे पहिले पुराण म्हणजे तारणहाराची वाट पाहणाऱ्या मानवाचीच कथा. पण १६८४ च्या फर्मानाने लोकभाषेवरच घाला घातला, आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नातील गाणी, पुरुषांचे धोतर, स्त्रियांची चोळी, दारची तुळस, इतकेच काय, मिठाशिवाय शिजविलेला भातही निषिद्ध ठरविला. स्वयंपाकघरात एवढे बारकाईने डोकावणाऱ्या त्या सत्तेच्या हातून नेवरी मात्र निसटली. चवथीला हिंदू घरात नारळाचे पुरण भरून जी नेवरी तळतात, तीच नाताळाच्या ताटात बसून राहिली.

हळर्णाचा मुलूख यातून बराचसा वाचला. पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे आले ते १७८८ साली, आणि नव्या काबिजादींतील प्रजेच्या धर्मास व चालीरीतींस धक्का न लावण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. म्हणून या तालुक्यात ख्रिस्ती घरे थोडी आणि त्यांचा शेजार बहुधा हिंदूंचा. नेवऱ्यांची ताटे येथे चवथीला एका दिशेने जातात आणि नाताळाला दुसऱ्या दिशेने परततात.

या सगळ्यात मुलांचा खरा वाटा दोदोलाच्या दिवशी असावयाचा. नारळाचा रस, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन् तास घोटावा लागतो. एकाचा हात दुखला की दुसऱ्याने उलथने घ्यावयाचे. नारळ किसणे, पेंढा आणणे, नेवऱ्यांच्या कडा मुरडणे यांत लहानांनाही जागा असे. आता दोदोल दुकानात मिळतो, तारा दिव्यांसह तयार मिळतो, गोठ्याचे गवतही प्लास्टिकचे मिळते. मोपा येथील विमानतळावर सणाच्या दोन दिवस आधी उतरणाऱ्या कुटुंबाकडे नाचणी रुजविण्यास वेळच नसतो, आणि त्यास दोष तरी कसा द्यावा? सण त्यांना मिळतो. त्याआधीचे तीन आठवडे मात्र मिळत नाहीत.

एक रीत तेवढी दुकानावर सोपविता आलेली नाही. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे नाताळाचे गोडधोड करीत नाहीत. तेथे शेजारी ताट पाठवितात. ते पोचविण्याचे काम बहुधा मुलांकडेच येते. रुमालाने झाकलेले ताट दोन्ही हातांनी सांभाळीत, हसू-ओरडू नये अशी ताकीद घेऊन, ती त्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहतात.