विकत घेणाऱ्याची बाजू

पुणे आणि मुंबई ही शहरे जगाला संगणक-सेवा विकतात. टीसीएस १९६८ साली मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली, पर्सिस्टंट १९९० पासून पुण्यातच आहे. हिंजवडीत नोकरी करणारे कोणी ना कोणी आता बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांच्या नात्यात असते. हा व्यवसाय कसा वाढला, त्याने काय कमावले, यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. पण ते सगळे विकणाऱ्याच्या बाजूने. भोसरीतला पंचवीस कामगारांचा कारखाना, सांगलीतला हळदीचा व्यापारी, तीन शाखांची पतसंस्था, दादरमधली सीएची पेढी यांना हीच सेवा विकत घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, याचा विचार मात्र आपल्याकडे कोटेशनच्या कागदापलीकडे क्वचितच जातो. पुढील प्रकरणे या दुसऱ्या बाजूची आहेत. विषयात नव्याने येणाऱ्याला आत कुठून शिरावे हे कळावे, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट धीर देण्याची. इथे यायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. वाणिज्याचा विद्यार्थी, वकील, हिशेबनीस, बँकेचा संचालक, कारखान्याचा मालक यांना हा विषय संगणक अभियंत्याइतकाच, किंबहुना जास्त, जवळचा आहे. याचे मूळ अर्थशास्त्रातल्या एका साध्या प्रश्नात आहे: बाजारात सगळे विकत मिळत असताना माणसे संस्था कशाला काढतात, आणि संस्था काही कामे स्वतःच का करते? रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली याचे उत्तर दिले. बाजारात जायलाही खर्च येतो, असे ते म्हणाले. माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, या सगळ्याचा खर्च. तो घरच्या खर्चापेक्षा कमी असेल तर काम बाहेर द्यावे, जास्त असेल तर घरात ठेवावे. या कामाची दखल घेऊन कोस यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले.

त्यांचा धागा ऑलिव्हर विल्यमसन यांनी पुढे नेला, आणि आपल्या विषयासाठी ते कोस यांच्याहूनही उपयोगी आहेत. करार होण्याआधी दहा कंपन्या दारात उभ्या असतात आणि घासाघीस करता येते. सही झाली, डेटा त्यांच्या यंत्रणेत गेला, माणसांना त्यांच्या पडद्यांची सवय झाली, की बाकीचे नऊ जण असून नसल्यासारखे होतात. आता दोघेच उरतात आणि दोघांपैकी एकाला सोडून जाणे महाग पडते. क्लाउड सॉफ्टवेअरचे तिसऱ्या वर्षीचे नूतनीकरणाचे बिल पाहून चरफडणाऱ्या प्रत्येक मालकाने विल्यमसन न वाचताच अनुभवलेले असतात.

आयटीचे काम बाहेर देण्याची प्रथा नवी नाही. रॉस पेरो यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत ईडीएस काढली ती दुसऱ्यांची संगणकाची कामे करून देण्यासाठीच. पण अभ्यासकांचे लक्ष वेधले ते १९८९ मध्ये, कोडॅकने आपल्या डेटा सेंटरचे काम आयबीएमला दिले तेव्हा. एवढी मोठी, धडधाकट कंपनी हे काम बाहेर देते म्हटल्यावर बाकीच्यांना रांग लावायला वेळ लागला नाही. मेरी लॅसिटी आणि रूडी हर्शहाइम यांनी त्या रांगेतल्या कंपन्यांत जाऊन करार वाचले, माणसांशी बोलून घेतले, आणि १९९३ साली निष्कर्ष मांडले. बचतीचे जे आकडे सांगितले जात होते ते अनेक ठिकाणी प्रत्यक्षात उतरले नव्हते. करारात न लिहिलेल्या प्रत्येक कामाचे वेगळे बिल येत होते. त्यांचा सल्ला रोखठोक होता: सेवा देणाऱ्याचा छापील करार बाजूला ठेवा, अर्धवट करारावर सही करू नका, आणि काम हातातून जाण्याआधी आज ते कसे आणि किती खर्चात चालते याची मोजदाद करून ठेवा. आज तीस वर्षांनंतर एखाद्या नवख्याला एकच गोष्ट वाचायला द्यायची झाली, तर मी हेच देईन. भारतात २००४ मध्ये भारती एअरटेलने आयबीएमशी दहा वर्षांचा करार केला आणि त्यातला मोबदला कंपनीच्या उत्पन्नाशी जोडला. अभ्यासाला तोही चांगला आहे, पण तेवढी सौदाशक्ती आपल्या वाचकांपैकी कोणाकडे नसते.

क्लाउडचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. वीज किंवा पाणी यांसारखी संगणन-सेवा मीटरवर मिळेल, असे जॉन मॅकार्थी १९६१ सालीच बोलले होते. सेल्सफोर्सने १९९९ पासून सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्गणीने द्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर भाड्याने देऊ केले. २०११ साली अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने क्लाउडची जी व्याख्या केली, ती दोन-तीन पानांत बसते आणि आजही पुरते. २०१५ ते २०१७ या काळात मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि गूगल या तिघांनीही भारतात, त्यातही मुंबई-पुण्याच्या परिसरात, आपली केंद्रे उघडली. तेव्हापासून लहान उद्योगासमोर प्रश्न उरला तो क्लाउड मिळण्याचा नसून निवडण्याचा.

आता एक कलम जवळून वाचू. लहान उद्योगांच्या एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, बहुधा अशा अर्थाची ओळ असते: तक्रार नोंदवल्यापासून कामकाजाच्या चार तासांत प्रतिसाद दिला जाईल. ऐकायला छान वाटते. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. आयटी सपोर्ट देणाऱ्याचे ऑफिस मात्र रविवारी बंद. रविवारी सकाळी आठला बिलिंगचा संगणक बसला, असे धरा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. ते निघाल्याशिवाय माल गेटबाहेर काढता येत नाही. टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर चहाला गेलेला, आणि चाकणच्या ग्राहकाची लाइन दुपारच्या मालावर अवलंबून. करारानुसार मोजणी सुरू होणार सोमवारी सकाळी दहाला. दुपारी दोनच्या आत त्यांच्याकडून “तुमची तक्रार मिळाली, इंजिनिअर पाठवतो” एवढा फोन आला, की कलम तंतोतंत पाळले गेले. कारण लिहिले होते ‘प्रतिसाद’. दुरुस्ती किती तासांत, याबद्दल करारात अवाक्षर नाही. इथे कोणी कोणाला फसवलेले नाही. कारखान्याच्या आठवड्याचा विचार करून ती ओळ कोणी लिहूनच घेतली नव्हती.

क्लाउड कंपन्यांच्या टक्केवारीचेही असेच. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील, याचा अर्थ तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची त्यांना मुभा आहे. ९९.५ म्हटले की तीच मुभा ३ तास ३६ मिनिटांवर जाते, ९९ ला ७ तास १२ मिनिटांवर. शिवाय पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल सहसा यात धरत नाहीत, आणि हमी मोडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते; बुडालेल्या ऑर्डरचे पैसे कोणी देत नाही.

गंमत अशी की, हे सगळे भोसरीच्या मालकाला मुळात शिकवायची गरजच नसावी. तो स्वतः कोणाचा तरी व्हेंडर आहे. मोठी वाहन कंपनी त्याला ऑर्डर देण्याआधी त्याचे ऑडिट करते, नमुने मागते, नापास मालाचे प्रमाण दहा लाखांत किती ते मोजते, उशिरा डिलिव्हरीची नोंद ठेवते, आणि तोच भाग बनवणारा दुसरा पुरवठादारही तयार ठेवते. ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. मात्र आयटी सपोर्ट घेताना तो तिन्ही कोटेशनमधला सर्वांत खालचा आकडा पाहतो, नाहीतर मेहुण्याच्या ओळखीतल्या मुलाला काम देतो. ओळखीतला मुलगा वाईट असतो असे मुळीच नाही. रात्री अकराला फोन उचलणारा तोच असतो. पण कंपनीचे डोमेन त्याच्या नावावर नोंदलेले असते, ई-मेलच्या ॲडमिन खात्याचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, आणि तो एक दिवस बंगळुरूला नोकरी धरतो. भांडण नसतानाही किल्ल्या परत मिळवायला मग महिने जातात.

किल्ल्या दुसऱ्याच्या हाती असण्याचा धोका मोठ्या प्रमाणावर कसा दिसतो, हे गेल्या काही वर्षांत जगाने पाहिले. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या, आयटी सपोर्टवाले वापरतात त्या, सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरले. हल्लेखोरांना एकेका गिऱ्हाइकाच्या मागे लागावे लागले नाही. सपोर्टवाल्याच्या हत्यारातून ते हजार-दीड हजार व्यवसायांपर्यंत पोहोचले. स्वीडनमध्ये कूप या दुकानसाखळीला कॅश काउंटर चालेनात म्हणून शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय-एटीएमविना राहिले. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत, तेव्हा ही बातमी आपल्या संचालक मंडळांनी दुसऱ्यांची म्हणून वाचू नये.

आणखी तीन घटना एकमेकींशेजारी ठेवण्यासारख्या आहेत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअप अन्यत्र नव्हता त्यांचा डेटा गेला तो गेलाच. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचे क्लाउडवरचे खाते गूगलच्या बाजूच्या चुकीने पुसले गेले. निधीने एक बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवला होता, त्याचा सावरताना मोठा आधार झाला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातल्या नायरा एनर्जीच्या ई-मेलसारख्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. आग, चूक आणि परराष्ट्रधोरण. तिन्हींवर गिऱ्हाइकाचा काडीचाही ताबा नव्हता. ताबा होता तो दुसरी प्रत कुठे ठेवायची, एवढ्यावरच.

कायदाही आता गिऱ्हाइकालाच विचारतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले. काम बाहेर दिले तरी बँकेची जबाबदारी कमी होत नाही, आणि करारातून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार हवी, असे त्यात आहे. लहान नागरी बँकांना ते लागू नसले, तरी करार करण्याआधी वाचण्यासारखा याहून चांगला दस्तऐवज फुकट मिळणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर ठेवली, प्रक्रिया कोणीही करो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. आणि खासगी मर्यादित कंपन्यांच्या मालकांना हमखास माहीत नसलेला नियम: हिशेबाचे सॉफ्टवेअर परदेशी सर्व्हरवर असले तरी हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. ऑगस्ट २०२२ पासून हे बंधन आहे. कोटेशन देणारा ते सांगेलच असे नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सगळे घरातच ठेवावे. माझे मत तसे नाही. वीस-तीस संगणकांच्या जागेत पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही, आणि परवडला तरी तो रजेवर गेला की ऑफिस आंधळे होते. ई-मेल आणि हिशेब यांचे सर्व्हर अशा ठिकाणी कपाटाशेजारी ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. बाहेर द्यावेच. फक्त काय दिले, कोणाकडे आहे आणि परत कसे मिळेल, हे सांगू शकणारा एक माणूस पगारपत्रकावर असावा. तो अभियंता नसला तरी चालेल. चोख स्टोअरकीपरही पुरतो.

या क्षेत्राची मांडणी साधारणपणे विक्रेत्याच्या निवडीपासून होते. पुढील प्रकरणांत ती उलट, करार संपण्यापासून केली आहे. कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायला सांगतो, आणि वर्गणी थांबली की बऱ्याच क्लाउड सेवा ठरावीक मुदतीनंतर डेटा पुसतात, ती मुदत अनेकदा काही महिन्यांचीच असते. तो डेटा कोणत्या स्वरूपात मिळणार, किती दिवसांत, किती पैशांत, नव्या सेवादात्याला जुना मदत करणार का, हे सही करण्याआधीच विचारता येते. सही झाल्यावर विचारायला गेले, तर विल्यमसन आडवे येतात.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या संस्थेचा चालू एएमसी करार आणि क्लाउड सॉफ्टवेअरच्या अटी फाइलमधून काढून समोर घ्या. त्यात समाप्तीचे कलम शोधा आणि डेटा परत देण्याबद्दल काय लिहिले आहे ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. काही सापडले नाही, तर नूतनीकरणाची तारीख पाहा. कलम घालून घ्यायला तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत.