लज्जेचा वारसा

नाशिकच्या गंगापूर रोडवर चष्मा लावून फिरणाऱ्या गृहस्थाकडे कोणी वळून पाहत नाही. कानास यंत्र लावण्यास मात्र तोच गृहस्थ लाजतो. ह्या लज्जेचे मूळ जुने आहे. मनुस्मृतीने जन्मबधिरास पित्याच्या धनातील वाटा नाकारून केवळ अन्नवस्त्राचा अधिकारी ठरविले. बहिरेपणा हा असा विकार न राहता अपात्रता होऊन बसला. इ. स. १८८५ मध्ये मुंबईस मूकबधिरांची शाळा निघाली व बधिरासही विद्या येते, हे लोकांस दिसले. १९२८ च्या कायद्याने हिंदूंच्या वारसाहक्कातील ती आडकाठी दूर केली. १९८३ मध्ये वांद्र्यास श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कायदा पालटला, उपाय आले; लज्जा तेवढी उरली. कायद्याने टाकून दिलेला हा वारसा श्रोत्यांनी काय म्हणून जतन करावा?