उसांबाराच्या कातळावरचे फूल

शहरगावी एखाद्याच्या खिडकीत आपण एक बुटके रोप पाहिले असेल. पाने जाडसर, गोल, मखमालीसारखी लव असलेली. ती जमिनीलगत चक्राकार पसरलेली. आणि मधोमध जांभळ्या फुलांचा झुबका. प्रत्येक फुलात दोन पिवळेधमक ठिपके. ह्या रोपाला ‘आफ्रिकन व्हायोलेट’ म्हणतात. खरे पाहता हे व्हायोलेट नव्हेच; त्याचे कूळ अगदी निराळे आहे. त्या कुळातली काही नाजूक रोपे आपल्या सह्याद्रीच्या ओल्या कातळावरही पावसाळ्यात उगवतात. पण नाव पडले ते पडले.

मी इतिहास शिकवणारा माणूस. झाडाझुडपांत माझे ज्ञान बेताचेच. आमच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या एका मित्राने मला ह्या रोपाची कुंडी दिली, आणि मी ती तीन आठवड्यांत मारली! प्रेमापोटी रोज तांब्याभर पाणी घालत होतो आणि दुपारच्या उन्हात ठेवत होतो. रोप मधोमध कुजले. मित्र हसून म्हणाला, “अहो, तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक ना? मग हे आले कुठून, एवढे तरी आधी विचारायचे होते.” त्याचे म्हणणे मला लागले. म्हणून मी विचारायला लागलो. जे हाती आले, तेच आज आपणांस सांगणार आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टांगा नावाचे बंदर आहे. आज ते टांझानिया देशात मोडते. टांग्याहून आत गेले की उसांबाराचे डोंगर लागतात. शांबा नावाचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. केळी, मका पिकवीत आले. त्यांच्यावरूनच डोंगराला नाव पडले. हिंदी महासागरावरून येणारे ढग ह्या डोंगरांना अडतात, म्हणून तेथे दाट, ओले, सदाहरित रान वाढले. त्या रानात ओढ्याकाठी, झाडांच्या गर्द सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या फटींत हे रोप राहते. मूठभर कुजलेला पाला हीच त्याची जमीन. ऊन त्याला पानांतून गाळलेले तेवढेच मिळते. पाणी मिळते ते झिरपून, धुक्यातून. वरून ओतलेले नव्हे.

आता इतिहास. १८८४ व ८५ साली जर्मनांनी ह्या किनाऱ्यामागच्या मुलखावर आपला हक्क सांगितला. १८८८ साली किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याविरुद्ध उठाव केला, तो तोफांनी मोडून काढण्यात आला, आणि ‘जर्मन पूर्व आफ्रिका’ ह्या नावाने तेथे राज्य सुरू झाले. टांगा जिल्ह्यावर जो जर्मन अंमलदार होता त्याचे नाव बॅरन वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेर. १८९२ च्या सुमारास त्याला हे फूल दिसले. एक जागा टांग्याजवळच्या चुनखडीच्या खडकांत होती, दुसरी वर उसांबाराच्या रानात. त्याचे वडील जर्मनीत झाडांचे मोठे शौकीन होते. मुलाने त्यांच्याकडे ते धाडले. वडिलांनी ते हॅनोव्हर येथील हेरेनहाउझेन बागेचे संचालक हेरमान वेंडलांड ह्यांच्या हाती दिले. वेंडलांड ह्यांनी १८९३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले ‘सेंटपॉलिया आयोनान्था’. पहिला शब्द त्या बापलेकांच्या आडनावावरून; दुसऱ्याचा अर्थ ‘व्हायोलेटसारख्या फुलांचे’.

गंमत अशी, की बॅरनच्या आधी, १८८४ सालीच, झांझिबारचे ब्रिटिश कॉन्सल सर जॉन कर्क ह्यांनी ह्या वनस्पतीचे नमुने लंडनच्या क्यू बागेकडे पाठवले होते. पण ते नमुने वर्णनाला पुरेसे ठरले नाहीत आणि तसेच पडून राहिले. आणि कर्कच्याही आधी? ओढ्यावर पाणी भरायला जाणाऱ्या शांबा बायकापोरांनी ते फूल किती शतके पाहिले असेल! शास्त्राच्या वहीत मात्र त्यांचे नाव नाही. एवढे बरे, की जर्मन लोक आपल्या भाषेत ह्याला ‘उसांबाराचे व्हायोलेट’ म्हणतात. डोंगराचे नाव तेवढे त्यांच्या बोलण्यात राहिले आहे.

१८९३ हे साल मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली युरोपात गेंट येथील मोठ्या पुष्पप्रदर्शनात हे रोप मांडले गेले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. त्याच साली टांग्याहून डोंगराकडे आगगाडीचा रूळ टाकायला सुरुवात झाली. त्याच साली वाखासाठी लावतात ती सिसल, म्हणजे एक प्रकारचा घायपात, अमेरिकेतून त्या मुलखात आणली गेली. आणि त्याच सुमारास उसांबाराच्या रानावर कुऱ्हाड पडू लागली. कशासाठी? कॉफीच्या मळ्यांसाठी. जर्मन मळेवाल्यांनी ते हिरवेगार रान पाहिले आणि हिशेब केला, की एवढे रान पोसणारी जमीन केवढी कसदार असेल! पण हा हिशेब चुकला. कस जमिनीत नव्हता. तो झाडांत आणि त्यांच्या गळलेल्या पानांत होता. पाला पडे, कुजे आणि मुळे ते सत्त्व परत ओढून घेत. झाडे तोडल्यावर पावसाने उरलेसुरले धुऊन नेले. थोड्याच वर्षांत कॉफीने दगा दिला. मळे बसले, पण तोडलेले रान काही परत उभे राहिले नाही.

पाहा बरे, ज्या राज्याने हे फूल जगासमोर आणले, त्याच राज्याने त्याच्या डोक्यावरची सावली काढायला सुरुवात केली. बॅरन वाईट माणूस होता असे मला म्हणायचे नाही. बियांचे पाकीट धाडणारा हात आणि मळ्यांना वाट करून देणारा कारभार एकाच कचेरीतला होता, एवढेच इतिहास सांगतो.

सावली गेली की ह्या रोपाचे काय होते, ते समजायला फार शास्त्र नको. खडक तापतो. शेवाळ वाळते. फटीतला पाला भुकटी होऊन उडतो. मुळे खोल नसतातच, जाणार कुठे? रोप तिथेच संपते. त्याला एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पळून जाता येत नाही. म्हणूनच ह्याच्या काही जाती अगदी एखाद्या टेकडीपुरत्याच आहेत. एक जात तर केनियातील ताइता टेकड्यांवरच्या एकाच रानात आढळते. ते रान गेले तर ती जात गेली.

टांग्याचा आणि आपल्या मुंबईचाही एक संबंध आहे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा, १९१४ च्या ऑक्टोबरात, हिंदी सैनिकांची एक मोठी तुकडी मुंबई बंदरातून निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांग्याला उतरली. अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिलेला. लढाईत गोळ्यांच्या आवाजाने चवताळलेल्या मधमाश्यांनीही सैनिकांना फोडून काढले. इंग्रजांचा तेथे दारुण पराभव झाला. आपली शेकडो माणसे त्या किनाऱ्यावर पडली. पुढे युद्ध संपल्यावर तो मुलूख इंग्रजांकडे गेला, १९६१ साली स्वतंत्र झाला, आणि १९६४ साली झांझिबार मिळून टांझानिया हे नाव आले. राज्ये अशी बदलली. पण मळे, लाकूडतोड आणि वाढत्या वस्तीची शेती ह्यांखाली रान कमीच होत गेले. १९९७ साली पूर्व उसांबारातील अमानी येथे राखीव वन जाहीर झाले, तेव्हा कुठे उरलेल्या रानाच्या एका तुकड्याला संरक्षण मिळाले.

इकडे खिडकीतल्या रोपाचे नशीब मात्र फळफळले. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेने जर्मनी आणि इंग्लंडहून बी मागवले. सुमारे हजार रोपे वाढवली आणि त्यांतून निवडून निवडून दहा ठेवली. त्यांतल्या ‘ब्लू बॉय’ नावाच्या रोपापासून पुढे दुहेरी पाकळ्यांची व इतर नवी रूपे निघाली. १९४६ साली अमेरिकेत ह्या एकाच फुलाच्या शौकिनांची संस्था निघाली. आज ह्याची हजारो वाणे आहेत. पांढरी, गुलाबी, झालरीची. पण ध्यानात घ्या, ह्या मोठ्या गोतावळ्याचे मूळ फार थोड्या रोपांत आहे. रानातल्या भाऊबंदांत जे नाना गुण आहेत, त्यांतले बरेचसे कुंडीत कधी आलेलेच नाहीत. कुंड्या लाखो असल्या तरी रान राखल्याचे पुण्य त्यांना नाही.

आता जोपासनेचे दोन शब्द. रोपाचे मूळ गाव कळले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

ते सावलीतले आहे, म्हणून कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. चैत्र-वैशाखात तर भिंतीच्या गारव्याला, पण उजेडात ठेवावी. फार अंधारात पाने लांबतात आणि फूल येत नाही.

ते खडकाच्या फटीतले आहे, म्हणून कुंडी लहान घ्यावी आणि माती हलकी. कुजलेल्या पानांचे खत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी जाड वाळू. शेतातली चिकण काळी माती मुळीच नको. तिच्यात मुळे गुदमरतात.

त्याला झिरपलेले पाणी मिळते, म्हणून पाणी वरून ओतू नये. कुंडी पाण्याच्या ताटलीत अर्धा तास ठेवावी, मग ताटली रिकामी करावी. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. आणि पाणी माठातले गार नको. गार पाणी पानावर पडले की फिकट डाग पडतात आणि ते जात नाहीत. हे मी स्वतः करून पाहिले आहे!

राहता राहिली नवी रोपे. रानात काही रानमाश्या फुलावर बसून अंग थरथरवतात, त्या कंपाने पराग सुटतो आणि बी धरते. आपल्या खिडकीत ती माशी कुठून येणार? पण ह्या रोपाला एक दुसरी वाट आहे. एक निरोगी पान, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून, तिरका काप देऊन घ्यावे आणि ओलसर वाळूत खोचावे. वर काचेचे भांडे पालथे घालावे, मधूनमधून वारा द्यावा. महिन्याभरात मुळे फुटतात. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी चिमुकली पाने डोके काढतात. अमेरिकेत तर शौकीन मंडळी अशी पाने ओल्या कागदात गुंडाळून पोस्टाने एकमेकांना धाडत.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. शाळेच्या खिडकीत असे एक पान मुलांकडून लावून घ्या. ज्या दिवशी पहिले पालवीचे टोक दिसेल, त्या दिवशी आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगा, झांझिबारच्या किंचित वर, समोरच्या किनाऱ्यावर टांगा बंदर शोधायला सांगा आणि ही गोष्ट सांगा. मग विचारा, कुंडीतले हे रोप आपण जगवले, पण त्याच्या गावची सावली कोण जगवणार? उत्तरे मुलांकडूनच येऊ द्या. एखादे मूल आपल्या गावाजवळच्या राईकडे बोट दाखवील. त्या दिवशीचा तास त्या राईत घ्यावा.

मित्राने दिलेली दुसरी कुंडी माझ्याकडे अजून आहे. तिला चार वर्षे झाली. पाणी मी आता आठवड्यातून दोनदाच देतो, आणि तेही ताटलीत.