दुकानाची पाटी, परक्या भिंतीवर

लोखंडी नांगराने जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, असं विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ शेतकऱ्यांना मनापासून वाटत होतं. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर घडवला खरा, पण तो खपेना. माल चांगला आहे आणि तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला पटलं आहे, या दोन गोष्टींमध्ये किती मैलांचं अंतर असतं ते त्यांना तिथे उमगलं. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं नियतकालिक काढलं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. चित्रकलेचं शिक्षण झालेले आणि कारखान्याच्या जाहिराती सांभाळणारे. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल ते आधी सांगायचं, ही त्यांची रीत. नऊ वर्षांनी ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं आणि मासिक मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसलं. ते एका कारखान्याचं प्रसिद्धिपत्र म्हणून जन्मलं होतं, हे आज कोणाच्या लक्षातही येत नाही.

या हकिकतीतला कळीचा मुद्दा असा, की मासिक किर्लोस्करांच्या मालकीचं होतं. काय छापायचं, किती छापायचं, कधी बंद करायचं, हे दुसरं कोणी ठरवणार नव्हतं.

छोट्या दुकानदाराला अशी हक्काची जागा परवडायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ साली मांडली, १९९१मध्ये ती जगापुढे आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं करून टाकलं. ‘सर्न’ने त्यावर परवान्याची फी लावली असती, तर पुढचं काहीच याच गतीने घडलं नसतं.

भारतात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मुहूर्त मोठा, वेग मात्र बेताचा. सेकंदाला ९.६ किलोबिट. गणित मांडून पाहा: साठ किलोबाइटचा एक फोटो उतरायला, लाइन मध्ये तुटली नाही तर, पन्नास सेकंद. साडीच्या दुकानाने दहा साड्यांचे फोटो लावले की बघणाऱ्याचा चहा होऊन जायचा. त्यामुळे तेव्हाच्या वेबसाइटी चित्रांत कंजूष आणि फिरत्या अक्षरांत सढळ असत.

आधी वेबसाइटच्या नावाचाच, म्हणजे डोमेनचाच, घोळ होता. ‘डॉट इन’ हे भारताचं नाव १९८९पासून अस्तित्वात होतं. त्याचा कारभार मुंबईत जुहूला, ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेत चाले. नियम कडक होते. ज्याचं नाव त्यालाच मिळावं, भुरट्यांच्या हाती पडू नये, हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की १९९२ ते २००४ या काळात साऱ्या देशातून जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. एवढ्या मोठ्या देशात सात हजार! दुसरी वाट ‘डॉट कॉम’ची. सप्टेंबर १९९५पासून तिथे दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले, आणि कोल्हापूरच्या गूळ व्यापाऱ्याकडे परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड कुठून असणार? मग हे काम वेबसाइट करून देणारा करी. नाव तोच घेई, पैसे तोच भरी आणि बिलात एक ओळ वाढवी. ही ओळ पुढे महागात पडणार होती.

हे वेबसाइट करून देणारे होते तरी कोण? त्यांतले बरेचसे डीटीपीच्या धंद्यातून आले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, माहितीपत्रकं जुळवणाऱ्यांनीच एक नवी आज्ञावली शिकून घेतली. म्हणून साइटची आखणीही माहितीपत्रकाचीच राहिली. होम, अबाउट अस, प्रॉडक्ट्स, एन्क्वायरी, कॉन्टॅक्ट, अशी पाच पानं. वर ‘वेलकम टू अवर वेबसाइट’, खाली किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा आणि एखाद्या पानावर ‘काम चालू आहे’ म्हणत फावडं मारणारा कामगार. तो कामगार अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं खणतच राहिला. भाव मात्र कुठेच लिहिलेला नसे. शेजारच्या दुकानाला कळेल ही भीती. गिऱ्हाइकाला नेमकं जे हवं तेच गाळून बाकी सगळं सांगणारी ही साइट म्हणजे मोठं केलेलं व्हिजिटिंग कार्ड होतं. ‘खबर’शी तिचं नातं नव्हतं.

आणि ती बहुतेक इंग्रजीत असे. त्यामागे न्यूनगंडच होता असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण बरंचसं टाइपात होतं. मराठीसाठी तेव्हा चालणारे फॉन्ट आतून इंग्रजीच असत. म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवलेला असे. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर कचरा होऊन समोर येई. मराठी वर्तमानपत्रांच्या साइटींवर ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना एका पिढीने पाहिली आहे. ज्याचं त्याचं आपापलं घराणं, आपापला फॉन्ट. वर्तमानपत्रासाठी वाचक एवढी खटपट करील. पापड-लोणच्यांसाठी कोण करतो? शिवाय शोधयंत्राला त्या पोटातल्या क्रमांकांवरून काहीच कळत नसे. येवल्याच्या विणकराने पानभर ‘पैठणी’ लिहिलं असतं, तरी ‘पैठणी’ शोधणाऱ्याला ते पान सापडलं नसतं. मजकुराचं चित्र करून चिकटवणं हा दुसरा उपाय. पण तो साठ किलोबाइटांचा हिशेब पुन्हा आडवा येई.

यावरचा खरा तोडगा, युनिकोड, १९९१मध्येच तयार होता आणि त्यात देवनागरी होती. पण विंडोज २००० येईपर्यंत सामान्य संगणकाला ती नीट मांडता येत नव्हती. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ती सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. ती सीडी वेळेवर हाती लागली, असं घर दुर्मीळच. तेव्हा मराठी दुकानाच्या वेबसाइटला मराठी बोलता येऊ लागलं ते जन्मानंतर दहा-एक वर्षांनी. तोवर पाच इंग्रजी पानांची सवय हाडीमाशी खिळली होती.

याच काळात दुसरीकडे एक वेगळीच युक्ती चालली. १९९६मध्ये दिनेश अगरवाल आणि ब्रिजेश अगरवाल यांनी ‘इंडियामार्ट’ सुरू केलं. निर्यातदारांकडून माहितीचे फॉर्म भरून घ्यायचे, त्यांची पानं वेबवर टाकायची आणि परदेशातून ई-मेलने चौकशी आली की ती फॅक्सने त्यांच्याकडे धाडायची. कारण ज्यांच्या नावाचं पान होतं, त्यांच्याकडे ई-मेल असेलच असं नव्हतं. हसू येतं, पण व्यवहार पक्का होता: दुकानदाराला साइट नको होती, चौकशी हवी होती. त्याच वर्षी मुंबईत ‘जस्टडायल’ने हीच गरज नुसत्या टेलिफोनवर भागवायला सुरुवात केली, त्यांची स्वतःची शोध-साइट २००७ साली आली. यादीत नाव घातलं की काम झालं, मग वेगळी जागा हवी कशाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जागा लागलीच तर फुकटही मिळत होती. अमेरिकेत १९९४मध्ये निघालेल्या ‘जिओसिटीज’ने वेबवर चक्क पेठा वसवल्या होत्या. व्यापाराची एक, संगणकाची एक, सिनेमाची एक. आणि प्रत्येक पानाला घरासारखा क्रमांक. १९९९मध्ये ‘याहू’ने ही वस्ती साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये ती मोडली. पत्ते गेले, पानं गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतली तेवढीच राहिली.

भारतात २००५च्या आरंभी ‘डॉट इन’चे नियम सैल झाले, नावं स्वस्त आणि सोपी झाली. नोव्हेंबर २०११मध्ये गूगलने ‘होस्टगेटर’बरोबर मोहीम काढली: छोट्या उद्योगाला ‘डॉट इन’ नाव आणि साइट, पहिलं वर्ष फुकट. तीन वर्षांत पाच लाख उद्योग ऑनलाइन आणायचं उद्दिष्ट होतं. दुसऱ्या वर्षी पैसे भरायची वेळ येई. ज्या पानाने वर्षभरात एकही फोन आणला नाही, त्याचं भाडं भरताना व्यापारी दोनदा विचार करणारच. २०१७मध्ये गूगलने आणखी पुढची पायरी गाठली. नकाशावरच्या नोंदीतून आपोआप तयार होणारी साइट, कायमची फुकट. ‘कायमची’ म्हणजे मार्च २०२४पर्यंत. त्या महिन्यात त्या साइटी बंद करण्यात आल्या.

दरम्यान २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही आलं. मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. आता दुकानाचा पत्तासुद्धा मराठीत लिहिता येत होता. पण कळफलक बदलून पत्ता टाइप करणारे गिऱ्हाईक होते कुठे? ते व्हॉट्सअ‍ॅपवर गेले होते. जानेवारी २०१८मध्ये ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ आलं आणि पाच पानांच्या साइटचं उरलंसुरलं काम मोबाइलच्या एका पडद्यावर होऊ लागलं. मराठी वेबसाइट आधी अक्षरांअभावी अडली आणि अक्षरं आली तेव्हा बाजार उठला होता.

सगळीकडेच उठला असं मात्र नाही. हापूसचं उदाहरण घ्या. कोकणातला बागायतदार पेटी वाशीच्या बाजार समितीत पाठवतो. तिथून पुढे ती कोणाकडे गेली आणि बाहेरून आलेला कोणता आंबा ‘देवगड’ म्हणून विकला गेला, यावर त्याचा हात राहत नाही. गिऱ्हाईक दूर, मोसम दोन-अडीच महिन्यांचा, माल नाजूक आणि नकलेचं भय मोठं. अशा धंद्याला हक्काच्या पत्त्याचा खरा उपयोग होतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने ऑनलाइन विक्रीची वाट धरली ती यातूनच. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर ‘हा आंबा कुठला’ हे सांगण्याला कायद्याचंही बळ आलं. आंबा विकणाऱ्या चांगल्या साइटींवर बाग कुठली, पेटीत किती फळं, पिकायला किती दिवस, भाव काय, हे सरळ लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल ते आधी सांगायचं, ही शंकररावांची रीत इथे, बहुधा नकळत, परत आली.

आता त्या बिलातल्या एका ओळीकडे. नाव वेबसाइट करणाऱ्याने घेतलं आणि सोयीसाठी स्वतःच्याच खात्यावर घेतलं, असं सर्रास झालं. तो माणूस पुढे नोकरीला लागतो, गाव बदलतो, धंदा सोडतो. नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडतो. मुदत टळते, नाव बाजारात येतं आणि कोणी तिऱ्हाईत ते उचलतो. पंधरा वर्षं पावतीवर, पिशवीवर, टेम्पोच्या पाठीवर छापलेला पत्ता एका सकाळी भलतंच पान उघडतो. तेव्हा ज्यांच्या दुकानाची वेबसाइट आहे त्यांनी एवढं करावं: डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेलं आहे आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्या मेलवर जाते, हे आजच उघडून पाहावं.